मामांचा फेटा आणि क्लाऊडची झाडलोट

अंगदनं बटण दाबलं आणि चहाचा घोट घेतला. तो घोट घशाखाली उतरण्याआधीच धाकट्या बहिणीच्या, शालूच्या लग्नाचा व्हिडिओ या जगातून नाहीसा झाला होता. अंगदला मात्र हे अजून कळलेलं नव्हतं. तो परतूरच्या घरी, माडीवरच्या खोलीत, खुशीत अहवाल लिहीत बसला होता.

त्याच्या पुण्याच्या कंपनीला क्लाऊडवरचं कोठार किती वेगानं फाईली घेतं आणि परत देतं, हे मोजायचं होतं. मोजणारी साधनं दोन. त्यातलं बरं कोणतं ते आज दुपारपर्यंत सांगायचं, असा प्रीती मॅडमचा हुकूम होता. दोन्ही साधनं एकाच कोठारात हजारो खोट्या फाईली कोंबत, परत ओढत आणि वेगाचे आकडे देत. पहिलं नुसती सरासरी सांगून मोकळं होई आणि सगळा कचरा तिथंच टाकून जाई. दुसरं मात्र कोणती फाईल कुठं रखडली तेही दाखवी, वर जाताना कोठार झाडून पुसून लख्ख करी. अंगदनं अहवालात लिहिलं, 'स्वच्छता : उत्तम.' आणि दचकून कोठार उघडलं. आत काहीच नव्हतं. चाचणीच्या त्या कोठारात जागा भरपूर, म्हणून लग्नाचा व्हिडिओ त्यानं तिथंच ठेवला होता. फोटोग्राफरनं तर आपली डिस्क कधीच पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती.

एरवी व्हिडिओ गेला असता तर घरच्यांनी चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण नेमका आजच तो बघायला शालूच्या नवऱ्याचे मामा, भुजंगराव, मंठ्याहून येत होते. लग्नात आपल्याला फेटा बांधला नाही, म्हणून मामा रुसले होते. लग्न झाल्यापासून सासरी शालूच्या ताटात भाकरीबरोबर तो फेटाही वाढला जात होता. शेवटी अंगदचे वडील, अप्पा, एकदा फोनवर तावातावानं बोलून बसले होते, "बांधला का न्हाई, व्हिडिओतच दाखवतो तुम्हाला!" मामांनी तो शब्द घट्ट धरून ठेवला होता.

अंगदनं घाईघाईनं पुण्याला फोन लावला.

"मॅडम, त्या साधनानं कोठारातलं सगळंच पुसलं. माझी एक फाईल होती आत."

"तुमची? घरची?"

"बहिणीचं लग्न."

"जुन्या प्रती राहिल्या असतील तर बघते. पण अहवाल वेळेवर हवा."

तेवढ्यात खाली जीप थांबली. मामा शालूला सोबत घेऊन आले होते. बैठकीत बसल्या बसल्या त्यांनी चष्मा काढून पुसला. "हं, अप्पाराव, लावा टीव्ही. दूध का दूध होऊन जाऊ द्या." शालूचा चेहरा पार उतरलेला होता.

अंगदनं अप्पांना स्वयंपाकघरात ओढलं. "अप्पा, माझ्याकून घोळ झाला. व्हिडिओ गेला."

"गेला? समदा गेला, का थोडाफार राह्यला?"

"समदा."

अप्पांनी भिंतीला पाठ टेकली. आता कानाखाली बसते, म्हणून अंगदनं डोळे मिटले.

"बरं झालं, बाबा," अप्पा कुजबुजले. "मी कालपासून जेवलो न्हाई. एक फेटा कमी पडल्ता रे. मामाला मागून बांधू म्हणलं, अन् इसरलो."

आता प्रश्न मामांना सांगण्याचा होता. अंगद बैठकीत गेला. "मामा, तो व्हिडिओ मशीननं पुसून टाकला. चूक माझी हाय."

मामा ताडकन उठले. शालूनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

"पुसला? बिलकुल काहीच न्हाई राह्यलं? जेवणाच्या मांडवातलं बी न्हाई?"

"काहीच न्हाई."

मामा हळूच खाली बसले. "जाऊ द्या मंग. मशीनच हाय ती. अन् शालू, चहा सांग की."

एवढी संधी अप्पा सोडतात होय? त्यांनी कपाटातून कोरा फेटा काढला आणि मामांना तिथंच बांधला. मामांनी आरशात पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि शालूला म्हणाले, "पोरी, झालं गेलं इसर. आता घरी कोन्ही काही बोललं तर मला सांग." शालूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि अंगदचा फोन वाजला. प्रीती मॅडमचा निरोप होता : 'फाईल परत आणली आहे. आता जुन्या प्रती ठेवणं बंद केलंय. पुन्हा पुसलीत तर मिळणार नाही.'

अंगद आणि शालू माडीवर पळाले. त्यांनी फेट्यांचा भाग काढला. मांडवात पाहुण्यांना एकामागून एक फेटे बांधले जात होते, आणि मामांचा कुठं पत्ता नव्हता. मग कॅमेरा फिरत फिरत जेवणाच्या मांडवात शिरला. अजून अक्षता पडायच्या होत्या. रिकाम्या पंगतीत एकटे मामा बसलेले, पानात जिलब्यांचा ढीग, तोंड भरलेलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून हात नाचवताहेत, 'घेऊ नको, घेऊ नको!'

खालून मामांचा आवाज आला, "व्हिडिओ राह्यला असता ना अप्पाराव, तर तुम्हाला बराबर दाखवलं असतं!"

"हौ ना, म्या बी दाखवलं असतं!" अप्पा म्हणाले, आणि दोघं खो खो हसले.

शालूनं दार लोटलं. "दादा, मंगळाष्टकाचा तुकडा तेवढा माझ्या मोबाइलात दे."

"दिला."

"अन् ते झाडून काढणारं कोणतं म्हणलास? जल्दी चालव परत."

अंगदनं चालवलं. कोठार पुन्हा लख्ख झालं. मग त्यानं अहवालाची शेवटची ओळ लिहून पुण्याला धाडून दिली : 'दुसरं साधन घ्यावं. स्वच्छता अत्यंत भरवशाची. दोनदा खात्री करून घेतली आहे.'