सरासरी एक व्होल्ट

एकाच साच्यातून निघालेल्या दोन वस्तू सारख्या असतात, ही मानवजातीची जुनी श्रद्धा आहे. आणि श्रद्धेवर देवळांइतकेच कारखानेही चालतात.

नागपुरात सदरमधला ‘श्रवणसुख सहकारी उद्योग’ असाच चालला होता. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानयंत्रात बसणारे, विजेचा दाब एकसारखा राखणारे सर्किट तिथे बनत असे. सेल नवा असो की मरणपंथाला लागलेला, सर्किटने यंत्राला नेमका एक व्होल्ट पुरवायचा आणि स्वतः जवळजवळ काहीच खायचे नाही; म्हणजे निर्जळी एकादशी धरलेल्या बाईने पंगत सांभाळावी, तसे. (वाढताना कमी पडले तर बोल बाईलाच.)

चंपतराव तिथले तपासनीस. १९८२च्या रामनवमीचे कीर्तन ऐकवीन, असा शब्द त्यांनी आईला, जिजाबाईंना दिला होता. कैक वर्षे त्या माउलीसाठी कीर्तन म्हणजे बुवांचे नुसते हलणारे तोंड.

पण सर्किटमधले ट्रान्झिस्टर ही देवाघरची लेकरे. एक तापट, एक आळशी. एका सर्किटमधून पाऊण व्होल्ट निघे, दुसऱ्यातून सव्वा. चंपतरावांना मृदंग आठवला. कातडे प्रत्येकाचे वेगळे, म्हणून वाजवणारा प्रत्येकाला वेगळी कणीक लावतो. त्यांनीही प्रत्येक सर्किटला बारीकसा स्क्रू दिला आणि मीटर लावून एकेकाला सुरात आणले. मीटर काढला की सर्किट पुन्हा मूळ स्वभावावर! इतके कमी खाणाऱ्याच्या ताटातला घास मोजता मोजता मीटरच उचलत होता. (साहेब दौऱ्यावर गेल्यावर कचेरी कशी चालते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक खुलासा नको.)

अध्यक्ष मनोहररावांनी तातडीने विचलन निवारण समिती नेमली. मीटर ग्राहकाच्या गळ्यातच बांधून द्यावा, ही सूचना मीटरच्या वजनामुळे बारगळली. दुसरी एकमताने मंजूर झाली. साऱ्या मालाची सरासरी बरोबर एक व्होल्ट येते, सबब सारा माल निर्दोष. ज्याला कमी ऐकू येईल त्याने जास्त ऐकू येणाऱ्याशेजारी बसावे.

“साहेब,” चंपतराव हळूच म्हणाले, “माह्या मायले यंत्र एकच लागते. तिच्या कानात सरासरी कशी घालू?”

“तुमची माय का सहकाराच्या बाहेरची हाय, चंपतराव?” मनोहररावांनी विचारले, आणि विषय संपला.

मालाची परीक्षा धरमपेठेतल्या राममंदिरात, कीर्तनातच ठरली. यंत्रधारी पहिल्या रांगेत, माल पास करायला आलेले मुंबईचे निरीक्षक खांबापाशी. निकष एकच: मान डोलली की यंत्र उत्तीर्ण. सव्वा व्होल्टवाल्या देवाजींना निरूपणासोबत पेटीवाल्याची कुजबुजही ऐकू आली, “आटपा बुवा, सुंठवडा संपून राहिला.” ते इतके हसले की मान आपोआप डोलली. पाऊण व्होल्टवाले शांत चित्ताने डोलले. जन्माचा पाळणा हलला आणि रांगच्या रांग हलली. सर्वांत रंगून डोलत होत्या जिजाबाई, डोळ्यांतून धारा! चंपतराव आनंदाने वेडे झाले. निरीक्षकांनी माल जागीच मंजूर केला.

घरी येताना चंपतरावांनी कानाला हात लावून खुणेने विचारले, आलं न ऐकू?

“काही नाही बापा,” जिजाबाई म्हणाल्या. “बाजूची इंदूबाई डोले, तवा मी डोलो. अन् तू एवढा खुश दिसून राहिला होता, मंग मले भरून आलं.”

(इंदूबाईंकडे चौकशी केली. त्या जिजाबाईंकडे पाहून डोलत होत्या.)

सकाळी चंपतरावांनी हे समितीपुढे जड मनाने मांडले. समिती हर्षभरित झाली. ऐकू न येताही मान डोलते, तर सर्किट हवेच कशाला? नव्या यंत्रात सर्किट नाही, सेल नाही; नुसती डबी. वीज शून्य, आणि कोणत्याही दोन डब्यांत तिळाएवढा फरक नाही. ज्या स्थैर्यासाठी जग धडपडते, ते नागपुराने साधले.

पहिली डबी समारंभपूर्वक जिजाबाईंना अर्पण झाली. चंपतरावांनी ती आईच्या कानात बसवली, उपरण्याचा फेटा बांधला आणि समोर उभे राहून हातवाऱ्यांनी अख्खे आख्यान लावले. माउली पोट धरून हसली आणि डोलली. समितीने तीही मान मोजली.

आणि वाचकहो, हे व्होल्टचे प्रकरण वाचताना आपणही इथवर डोलत आलात, याची समितीने कृतज्ञतेने नोंद घेतली आहे. आपली डबी टपालाने निघाली आहे.