सदाशिवरावांचे मागचे दिवे

ज्याला पत्राचे उत्तर द्यायचे नसते त्याला कारण लागते, आणि ज्याला ते मनापासून द्यायचे असते त्याला तयारी लागते. उत्तर दोघांचेही जात नाही. तरी समाजात दुसऱ्या प्रकारच्या माणसाला अधिक मान आहे, आणि तो योग्यच आहे.

राळेगावचे सदाशिवराव या दुसऱ्या प्रकारचे. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, बोलण्यापेक्षा वाचण्यात बरे, आणि वाचलेले आपल्याला नीट समजले की नाही या शंकेत कायमचे. त्यांना दिवाळीत ढाणकीहून हरिसिंगचे पत्र आले. यवतमाळच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत राहिले होते, आणि हरिसिंग तेव्हापासून त्यांना आपल्या बंजारा तांड्याच्या बोलीत ‘भिया’ म्हणे, म्हणजे भाऊ. (फोनवर हरिसिंगला ऐकू येत नाही आणि सदाशिवरावांना बोलता येत नाही, म्हणून दोघांचा व्यवहार टपालाने.) पत्र छोटे होते. ‘भिया, माझे गुडघे गेले. पोरं मोटारसायकलवर बसू देत नाहीत, पडाल म्हणतात. तुझ्याजवळ गाडी हाय. ये, एकदा दोघं पैनगंगेवर जाऊन बसू. येतो का नाही तेवढं कळव, म्हणजे मले वाट पाहाले बरं.’

याला ‘येतो’ एवढे उत्तर पुरले असते. पण सदाशिवराव जबाबदार गृहस्थ. राळेगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, ढाणकी दुसऱ्या. येतो म्हणायचे तर गाडी त्या लायकीची हवी, आणि गाडी त्यांच्या मुलीच्या, दिपालीच्या, वयाची. दिपालीला आता दोन मुले आहेत. त्यांनी गाडी कसून तपासली. इंजिन ठीक निघाले, ब्रेक ठीक निघाले, पुढचे दिवेही ठीक निघाले. सदाशिवराव घाबरले. शेवटी मागच्या दिव्यांत उणीव सापडली. ते मंद होते. (मनापासून शोधणाऱ्याला सापडतेच.)

मागच्या दिव्याविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. पुढचा दिवा मालकाच्या कामाचा, मागचा दिवा फक्त इतरांच्या. वाहनाचा तो एकमेव निःस्वार्थ अवयव आहे, आणि निःस्वार्थ वस्तूंची जी निगा राखली जाते तीच त्याची राखली जाते. आपल्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, खताची लाल पिशवी बांधलेली असते. काही गाड्यांचा एकच दिवा लागतो. मागचा माणूस अशा गाडीला मोटारसायकल समजून बाजूने निघतो आणि पुढचे आयुष्य ती मोटारसायकल नव्हती हे सांगण्यात घालवतो. उरलेल्यांचे दिवे लागतात की नाही हे मालकांनाही ठाऊक नाही, कारण ब्रेक दाबून ठेवून त्याच वेळी गाडीच्या मागे जाऊन पाहण्याइतका लांब पाय अद्याप या तालुक्यात जन्माला आलेला नाही.

म्हणजे मागचा दिवा तपासायला दुसरा माणूस लागतो. एकाने आत बसून पाय दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून ‘लागला’ म्हणायचे, एवढी साधी ही पद्धत आहे. परंतु ‘जरा माझ्या गाडीच्या मागे उभे राहता का’ हे कोणाला विचारावे, तो काय म्हणेल, आणि त्याला विचारले म्हणून दुसऱ्याला वाईट वाटेल का, या विचारात सदाशिवरावांची होळी गेली. उन्हाळ्यात कोणाला उन्हात उभे करणे बरे दिसत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. पोळा झाला तेव्हा ते बसस्टँडजवळ निजामुद्दीनच्या दुकानात पोचले.

निजामुद्दीन हा गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि अंधुक वस्तूचा त्याला मनापासून राग आहे. त्याने गाडीच्या मागे एक फेरी मारली आणि निदान केले.

‘काकाजी, हे बल्ब नोको. हे तं देवघरात लावा. मी असा एलईडी टाकून देतो का मांगचा आदमी गॉगल लावून गाडी चालवीन.’

सदाशिवरावांनी दबत्या आवाजात विचारले, की जुन्या बल्बात दोन तारा असतात ना, एक मंद, एरवी जळणारी, आणि एक तेज, ब्रेक दाबल्यावर जळणारी. तसे यात आहे का. निजामुद्दीन म्हणाला, यात मंद काही नाहीच, हीच तर त्याची खासियत. सदाशिवरावांना वाटले, आपणच काहीतरी चुकीचे वाचले असेल. पुढे वळताना लावायचे सिग्नलचे दिवेही बदलले. कमी वीज खाणारा बल्ब बसवला की जुन्या गाडीला आपला बल्ब उडाला असे वाटते आणि ती धाप लागल्यासारखी उघडझाप करू लागते, हेही त्यांनी कोठेतरी वाचले होते. गाडीला तशी धाप लागली. निजामुद्दीनने तिला ‘टर्बो’ असे नाव दिले आणि विषय मिटला.

आता तपासणी. माणूस शोधावा लागेल ही सदाशिवरावांची भीती फोल ठरली. राळेगावात गाडीमागे एक माणूस वाकला की दुसरा थांबतो, आणि दोघे थांबले की तिसरा चहा सांगतो. पाहता पाहता बरीच तज्ज्ञ मंडळी जमली. नवयुवक गणेश मंडळाचा अध्यक्ष लखन याने सूत्रे हाती घेतली. सदाशिवरावांनी नुसता दिवा लावला. मंडळी म्हणाली, लागला. ब्रेक दाबला. मंडळी म्हणाली, लागला. ब्रेक सोडला. मंडळी म्हणाली, लागला. तिन्ही वेळा अनुकूल उत्तर आल्यामुळे चाचणी यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यात आले.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला सदाशिवराव पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आले. त्यांच्या मागे जो आला त्याला ही गाडी आता थांबणार असे दिसले, म्हणून त्याने वेग कमी केला. त्याच्या मागच्याने त्याचे पाहून केला. सदाशिवराव थांबत नव्हते, पण थांबणार असल्याचे सतत आणि लखलखीत सांगत होते. (ही त्यांची एकंदर जीवनपद्धती पाहता गाडीने मालकाचा स्वभाव उचलला असे म्हणण्यास जागा आहे.) दोन ऑटो, एक एसटी, कापसाचा रिकामा टेम्पो आणि असंख्य मोटारसायकली बैलाच्या चालीने गावात शिरल्या. कोणी पुढे जाण्याचे धाडस केले नाही, कारण टर्बोमुळे गाडी उजवीकडे वळणार की आचके देणार हे कळत नव्हते.

मंडळाने या फेरीचा आढावा घेतला. रस्त्यावर अपघात शून्य. वेग जवळपास शून्य. या दोहोंचा संबंध लखनने प्रथम लक्षात आणून दिला. मंडळातर्फे सदाशिवरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, त्यांनी ‘मागच्या माणसाचा विचार’ या विषयावर दोन शब्द बोलावेत, आणि तत्पूर्वी गाडीच्या मागच्या काचेत वर आणखी एक लाल दिवा बसवावा, असे ठरले.

सदाशिवराव घरी आले ते चिंतेत. आधी तिसरा दिवा, मग भाषणाची तयारी, मग सत्कार. ढाणकीला जाणे आता दसऱ्याच्या आत होत नाही. त्यांनी हे पत्नीला, विमलताईंना, सांगितले. विमलताई बरबटीच्या शेंगा मोडत होत्या. हरिसिंगचे पत्र दिवाळीपासून खिडकीत ठेवलेले त्या रोज पाहत होत्या आणि रोज झटकून परत ठेवत होत्या.

‘अहो, एक विचारू का?’ त्या म्हणाल्या. ‘हरिसिंग भाऊजी तुमच्या गाडीच्या मांगून येऊन राह्यले का?’

‘नाही.’

‘मंग? थे तं समोर बसले हायेत, वाट पाहात. त्याइले तुमचा मांगचा दिवा कायले पाह्यजे?’

सदाशिवरावांनी या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत शोधले. अनुक्रमणिकेत नव्हते. मग त्यांनी खिडकीतले पत्र उचलून पुन्हा वाचले.

‘वाट पाहण्याचीही त्याने परवानगी मागितली होती,’ ते म्हणाले. ‘मी तीही दिली नाही.’

विमलताईंनी शेंगा बाजूला सारल्या आणि पेन आणून दिला.

सकाळी त्यांनी निजामुद्दीनकडे जाऊन जुने बल्ब परत मागितले. संकोचामुळे कारण सांगता आले नाही. निजामुद्दीनने ते कारण गरिबी असावे असे समजून घेतले. (जुने बल्ब बसवताना लाल काचांवरचा आदल्या पावसाळ्यापासूनचा चिखल ओल्या फडक्याने पुसला गेला, तेव्हा ते पहिल्यापासून चांगले जळत असल्याचे आढळले. या बाबीची मंडळाने नोंद घेतलेली नाही.) सत्काराची शाल दुसऱ्या कोणाला तरी गेली. योग्य माणसांची आपल्याकडे वाण नाही.

मग ते पोस्टात गेले. कार्डावर लिहिले होते, ‘भिया, मंगळवारी दिवसाउजेडी येतो. वाट पाहा.’ पेटीच्या तोंडाशी त्यांना वाटले, ‘पाहा’ऐवजी ‘पाहावी’ बरे दिसले असते, आणि बुधवार जास्त सोयीचा होता. तेवढ्यात कार्ड आत पडले. आत हात घालून ते परत काढता येते का हेही त्यांनी पाहिले. येत नाही.

जुन्या गाडीला मागे कोणता बल्ब बसवावा हे कळेल या आशेने जे वाचक येथवर आले, त्यांची चौकशी रास्त आहे. त्यांनी फक्त कोणाच्या पत्राचे उत्तर द्यायचे राहिले आहे तेवढे कळवावे, म्हणजे त्या बेताचा बल्ब सुचवता येईल.