सामंतांची पंच्याऐंशीची पोर्ट

कमलाकर टिपणिसांना वाइनमधलं कळतं, हे आधी खुद्द टिपणिसांना कळलं आणि मग पंधरवड्याच्या आत नवीन पनवेलमधल्या त्यांच्या सगळ्या इमारतीला कळवण्यात आलं. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. घरी बसून करायचं काय, म्हणून ते नाशिकला गेले आणि वाइन चाखण्याचा तीन दिवसांचा वर्ग करून आले. प्रमाणपत्र फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागलं. तेव्हापासून ते चहाचा कपसुद्धा तिरका धरून उजेडात बघायचे. चहाच आहे तो, पिऊन टाका, असं त्यांच्या पत्नी सुमतीबाई रोज सांगायच्या.

त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंधती सामंतांनी २०१०च्या नोव्हेंबरात त्यांना बोलावलं, तेव्हा टिपणिसांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांचे यजमान, सामंत, जहाजावर चीफ इंजिनीअर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी रेवा जन्मली त्या पंच्याऐंशी सालच्या पोर्टच्या, म्हणजे वर्षानुवर्षं मुरणाऱ्या गोड, कडक वाइनच्या, चार बाटल्या त्यांनी पोर्तुगालहून आणल्या होत्या, आणि रेवाच्या लग्नाला माझ्या जहाजावरच्या दोस्तांना हीच पाजायची, असं ते बजावून गेले होते. लग्न आता महिन्यावर आलं होतं. पंचवीस वर्षं आडवी पडलेली ही पोर्ट अजून पिण्यासारखी आहे की नाही, हे सांगणारं माणूस बाईंना हवं होतं.

“बाटली दोन दिवस उभी करून ठेवा,” टिपणिसांनी हुकूम सोडला. “गाळ खाली बसला पाहिजे. बाकीचं माझ्यावर सोडा.”

बाटली उभी राहिली आणि टिपणीस आडवे झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना अशी सर्दी झाली की नाकाच्या जागी कोणी सिमेंट भरून गेलंय असं वाटावं. सुमतीबाईंनी जाऊच नका म्हणून सांगितलं. पण शब्द दिलेला होता. शिवाय नाशिकच्या वर्गात मिळालेल्या पत्रकात जुन्या पोर्टला कोणकोणते वास येतात त्याची यादीच होती. टिपणिसांनी ती परीक्षेच्या पोरासारखी पाठ केली आणि रविवारी दुपारी तीनला ते खाली उतरले.

दार कामाच्या भीमाबाईंनी उघडलं. आत वीज गेलेली होती. उन्हानं पोर्ट बिघडू नये म्हणून अरुंधतीबाईंनी सगळे जाड पडदे ओढून घेतले होते, त्यामुळे भर दुपारी घरात तिन्हीसांज झालेली. भिंतीवर हार घातलेला सामंतांचा फोटो. त्याखाली टेबलावर ती काळी बाटली, काचेची सुरई आणि एक पेटलेली मेणबत्ती. मेणबत्ती टिपणिसांनीच मागवली होती, कारण बाटलीच्या मानेखाली उजेड धरला की गाळ कुठवर आला ते दिसतं. पण ती तशी फोटोपुढे जळताना बघून त्यांनी नकळत हात जोडले. ते जवळच्या आरामखुर्चीत बसले. रेवा आणि तिच्या आईनं एकमेकींकडे बघितलं. ती सामंतांची खुर्ची होती, आणि दोन वर्षांत तिच्यात कोणी बसलं नव्हतं.

बूच पिकलेल्या केळ्यासारखं निघालं, अर्धं वर आणि अर्धं आत. टिपणिसांनी पोर्ट मलमलीतून सुरईत ओतली. मेणबत्तीच्या उजेडात ती संथ, गडद, रक्तासारखी उतरत होती. भीमाबाई दारातच थबकल्या. मग टिपणिसांनी थोडी ग्लासात घेतली, ग्लास तिरका केला, कडेची विटकरी झाक दाखवली, नाक आत घातलं आणि जोरात श्वास ओढला. नाकात काही गेलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि यादी म्हणायला सुरुवात केली.

“तंबाखू,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जुनी. पाइपमधली.”

अरुंधतीबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर आला.

“चामडं. सुकं अंजीर. लवंग.”

“ते पाइप ओढायचे,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि वास लपवायला तोंडात लवंग ठेवायचे.”

टिपणिसांनी डोळे उघडले. मेणबत्तीची ज्योत एका बाजूला कलली होती आणि पडदा तर हलत नव्हता. पुढचा शब्द खरं म्हणजे आक्रोड होता. पण त्यांच्या तोंडून आलं भलतंच. “ओला दोरखंड,” ते म्हणाले, आणि आपण असं का म्हणालो ते त्यांचं त्यांनाच कळेना.

रेवा खुर्चीजवळ सरकली. मग रेवानं सांगितलं की बाबा शेवटी शेवटी तापात असायचे, तेव्हा दोर ओला आहे, दोर सांभाळा, एवढंच म्हणत असायचे.

भीमाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. “सायब आलं हायत,” त्या म्हणाल्या. “यांच्या तोंडून बोलतात. आवाज तरी यांचा हाय का?”

आवाज सर्दीचा होता. पण हे आता सांगायचं कसं? सांगावं तर यादी पाठ केल्याचं सांगावं लागणार आणि प्रमाणपत्राची लाज जाणार. न सांगावं तर समोर एक बाई डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून उभी. टिपणिसांना घाम फुटला. बोलणं टाळावं म्हणून त्यांनी ग्लासातली पोर्ट एका दमात गिळली. ती वीस टक्के अल्कोहोलची पोर्ट घसा जाळत गेली, डोळ्यांत पाणी आलं, कानात काहीतरी फट्‌ असं वाजलं आणि दोन दिवसांचं चोंदलेलं नाक एकदम सताड उघडलं.

वास आला. खरा, पहिला वास. नाशिकला सांगितलेलं त्यांना लख्ख आठवलं, हा वास आला की बूच कुजलं आणि बाटली गेली. आनंदाच्या भरात ते ओरडलेच.

“ओला पुठ्ठा!”

“ओला पुठ्ठा?” बाई म्हणाल्या. “अहो भावोजी, ओला कशानं होईल? त्यांचा पुठ्ठ्याचा खोका तर माळ्यावर आहे.”

रेवा स्टुलावर चढली. मोरीवरच्या, दिवाणखान्यात उघडणाऱ्या माळ्यावर, जुन्या पंख्याच्या मागे, तो खोका होता आणि त्याचा एक कोपरा भिजून लगदा झाला होता. आत सामंतांनी जहाजावरून लिहिलेली बावीस वर्षांची पत्रं होती. वरची गड्डी ओली होती, शाई पसरायला लागली होती. खालची अजून कोरडी. आणखी आठवडा गेला असता तर काही हाती लागलं नसतं. अरुंधतीबाई जमिनीवर बसल्या आणि एकेक पत्र साडीच्या पदरानं टिपत राहिल्या.

मग रेवानं मोबाइलच्या उजेडात माळ्याचं छत बघितलं. तिथे एक थेंब तयार होत होता.

“काका,” ती म्हणाली, “वर तुमची मोरी आहे ना?”

मोरी त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, त्यानं फरशी उखडली आणि आतला पाइप केव्हाचा गळतोय ते दाखवलं. मोरी आठ दिवस बंद राहिली. टिपणीस रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून सामंतांकडे आंघोळीला जायचे, आणि भीमाबाई त्यांना बघून हात जोडायच्या. एकदा त्यांनी ते पत्रक काढून पुन्हा नीट वाचलं. तंबाखू होती, चामडं होतं, अंजीर, लवंग, आक्रोड सगळं होतं. दोरखंड कुठेच नव्हता. त्यांनी मागची बाजूही बघितली. मग पत्रक कपाटात तळाला ठेवून दिलं आणि सुमतीबाईंना काही सांगितलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सामंतांचे जहाजावरचे चार-पाच दोस्त घरी जमले. उरलेल्या तिन्ही बाटल्या उघडल्या, आणि तिन्ही उत्तम निघाल्या. टिपणिसांचं नाक त्या दिवशी ठणठणीत होतं. अंजीर, आक्रोड, मध, मागे रेंगाळणारी कडवट चॉकलेटची चव, सगळं त्यांना एकेक करून कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर काहीतरी सांगू शकले असते.

एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे कॅप्टन त्यांना शोधत आले. टिपणिसांनी घसा साफ केला. कॅप्टननी त्यांना दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि आपला ग्लास पुढे केला.

“वाइनचं जाऊ द्या,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “एकदा वादळात मी सामंतला उगाच सगळ्यांदेखत बोललो होतो. माफी मागायची राहून गेली. जरा बघून सांगता, अजून रागावलाय का तो?”

टिपणिसांनी आत बघितलं. अरुंधतीबाई तिकडूनच मान हलवून त्यांना धीर देत होत्या. त्यांनी ग्लास घेतला, नाक आत घातलं आणि चांगला लांब श्वास ओढला.

“नाही,” ते म्हणाले. “मुळीच नाही.”

कॅप्टननी ग्लास परत घेतला, सगळी पोर्ट एका घोटात संपवली आणि टिपणिसांचा हात किती तरी वेळ सोडला नाही. त्यांच्यामागे आणखी दोघं जण आपापले ग्लास घेऊन रांगेत उभे होते.