शेवटून पहिला नंबर

"या शनिवारी आपण असे हरणार, की गावाने नाव काढलं पाहिजे!" व्हर्नन होलूबने दुकानाच्या काउंटरवर मूठ आपटली. खिळ्यांचा डबा उडाला आणि दातांचे डॉक्टर एल्डन दचकले.

ओहायोतल्या ऑल्डर क्रीक गावात व्हर्ननचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि दुकानाचा एक फुटबॉल संघ होता, हाताने बॉल फेकून-झेलून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा. दुकान बरं चालायचं. संघाबद्दल न बोललेलं बरं. गावच्या लीगमध्ये सहा संघ. चषक दरवर्षी अग्निशमन दलवाले न्यायचे आणि त्यात वर्षभर बियर प्यायचे. व्हर्ननचा संघ आणि रूडी क्लाइनच्या बेकरीचा संघ तळाला बसून एकमेकांची तोंडं बघायचे. या हंगामात तर दोघांनीही एकही सामना जिंकलेला नव्हता. शेवटचा सामना आपसातच होता.

"हरायला वेगळी योजना कशाला लागते आपल्याला?" डॉक्टर म्हणाले. तेच संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकायचं काम त्यांचं. "मी नेहमीसारखा फेकतो की!"

"तसं नाही हो! या वेळी खात्रीने हरायचंय. शाळेत तो नवा खेळाचा मास्तर आलाय ना, ब्रॉडी मॅक्रे? कॉलेजात काय फेकायचा म्हणे! तो पुढच्या वर्षी लीगमध्ये उतरतोय. आणि नवीन खेळाडू वाटताना पहिला हात कुणाचा?"

"तळाच्या संघाचा," डॉक्टर सावकाश म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. वर्षानुवर्षं बॉल फेकून त्यांचा खांदा बिजागरी निखळलेल्या दारासारखा कुरकुरत होता.

"कुणाला बोलू नका. पोरं मनापासून खेळू देत. हरायचं काम आपण दोघं बघू."

बायकोला मात्र व्हर्ननने जेवताना सांगितलं. लोरेनने काटा खाली ठेवला. "मुद्दाम हरणार? तुला लाज नाही वाटत?"

"अगं, इतकी वर्षं फुकट हरलो. एकदा फायद्यासाठी हरतोय, त्यात कसली लाज?"

शनिवारी मैदानावर अख्खं गाव लोटलं होतं. थंडी अशी, की पाद्रीबुवांची शिट्टी ओठांना चिकटत होती. पंच तेच होते. लोरेन कडेला टेबल मांडून बीन्सची गरमागरम चिली विकत होती. गावात कुणाला धडक मारून पाडायची बंदी होती. मागे एका नगरसेवकाचं कंबरडं मोडल्यापासून प्रत्येकाच्या कमरेला दोन फडकी लावलेली असत. फडकं ओढलं, की माणूस पकडला गेला.

शिट्टी झाली. डॉक्टरांनी पहिलाच बॉल असा भिरकावला, की तो थेट लोरेनच्या चिलीच्या पातेल्यात पडला. रांगेतली निम्मी माणसं लाल झाली.

"शाब्बास!" व्हर्नन पुटपुटला.

मग बेकरीची पाळी आली. त्यांचा पाववाला पोऱ्या बॉल घेऊन सुसाट सुटला. बॉल घेऊन गोलरेषा ओलांडली की गुण, आणि समोर कुणी नाही! व्हर्ननचा जीव हरखला. पण गोलरेषा हातभर राहिली आणि तो गडी मटकन खाली बसून बुटाची नाडी बांधू लागला. बुटाला नाडी नव्हतीच, चिकटपट्टी होती!

व्हर्ननने कडेला बघितलं. पलीकडे रूडी क्लाइन अंगठा वर करून आपल्या गड्याला शाबासकी देत होता. दोघांची नजरानजर झाली, आणि दोघांनाही सगळं कळलं.

"चोरा! तुलाही मास्तर हवाय?" व्हर्नन ओरडला.

"तुझ्या आधीपासून हवाय!" रूडी तिकडून ओरडला. "तो रोज माझ्याकडून डोनट नेतो!"

तिथून पुढे त्या मैदानावर जे झालं त्याला फुटबॉल म्हणणं कठीण आहे. खेळाचा एक नियम असा, की बॉल घेऊन स्वतःच्याच गोलरेषेमागे पकडला गेलात, तर समोरच्याला दोन गुण. रूडीच्या गड्याने बॉल घेतला, गर्रकन वळला, उलटा धावला आणि आपल्याच रेषेमागे जाऊन उभा राहिला. व्हर्ननच्या भोळ्या पोरांनी आनंदाने जाऊन त्याचं फडकं ओढलं. दोन शून्य! हार्डवेअरवाले पुढे!

"अरे कशाला ओढलंत!" व्हर्ननने कपाळ बडवलं. त्याने डॉक्टरांना खूण केली. पुढच्याच डावात डॉक्टर उलटे पळाले आणि पोचल्यावर स्वतःचं फडकं स्वतःच ओढून पंचांच्या हातात दिलं. दोन दोन!

पाद्रीबुवांनी शिट्टी फुंकली. रविवारच्या प्रवचनातही ते कधी इतके लाल झाले नव्हते. "पुरे! यापुढे जो संघ उलटा पळेल, त्याला पुढच्या वर्षी एकही नवीन खेळाडू मिळणार नाही! आणि ऐका, बरोबरी मला चालणार नाही. निकाल लागेपर्यंत कुणी घरी जायचं नाही!"

वेळ संपली, जादा वेळ सुरू झाली, तीही लांबत गेली. दोन्ही संघ बॉल एकमेकांना लग्नातल्या आहेरासारखा आग्रहाने देत होते. प्रेक्षक आधी हसले, मग हुर्यो करू लागले, मग अंगात ऊब यावी म्हणून चिली खाऊ लागले. बॉल पडलेली चिलीसुद्धा संपली!

शेवटी व्हर्ननने हुकमाचं पान काढलं. बाकावर वेंडल प्रूट बसला होता. शाळेची बस चालवणारा वेंडल. मनाने सोनं, पण हाताला लोणी लावल्यासारखा. त्याला बाकावरून कुणी कधी उठवलंच नव्हतं. तरी दर शनिवारी तो धुतलेले कपडे घालून, सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

"वेंडल, जा!"

"मी?" वेंडलने मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. "खरंच मी? अहो ऐकलंत का!" तो प्रेक्षकांकडे वळून ओरडला, "आई! मला घेतलं!"

गर्दीत एका चाकाच्या खुर्चीत, तीन घोंगड्यांच्या ढिगातून एक हात वर आला आणि जोरजोरात हलला.

व्हर्ननने डॉक्टरांच्या कानात सांगितलं, "त्याच्याकडे फेका. पडलाच म्हणून समजा."

डॉक्टरांनी फेकला. वेंडलने डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात पसरले, आणि बॉल छातीवर आपटून त्याच्या मिठीत अडकला! त्याने एक डोळा उघडून खाली बघितलं. बॉल होता! वेंडल धावत सुटला.

आणि बेकरीवाले? त्यांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. रूडी तर बेकरीच्या दारात गिऱ्हाइकाला बोलवावं तसा कमरेत वाकून हात दाखवत होता. "या, या! सरळच जा! काही घाई नाही!"

"थांब!" व्हर्नन कडेकडेने धावत किंचाळला. "वेंडल, थांब!"

वेंडल थांबला! आज्ञाधारक माणूस. गोलरेषेच्या अगदी तोंडाशी, धापा टाकत, बॉल बाळासारखा छातीशी धरून उभा राहिला. "काय झालं, व्हर्नन? काही चुकलं का माझं?"

एक शब्द पुरे होता. 'बॉल टाक' म्हटलं असतं तर वेंडलने तो कशासाठी असं न विचारता टाकला असता. ब्रॉडी मॅक्रे मिळाला असता, आणि कोण जाणे, चषकसुद्धा. व्हर्ननने वेंडलकडे बघितलं. त्याचं नाक थंडीने लाल झालं होतं आणि चेहरा असा फुलला होता, की बघणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हावं. मागे घोंगड्यांमधला तो हात अजून वरच होता.

"काही नाही रे," व्हर्नन म्हणाला. "चुकलं नाही काहीच. जा बाबा, पळ!"

वेंडलने एक पाऊल टाकलं, आणि ऑल्डर क्रीकमध्ये असा गदारोळ झाला, की अग्निशमन दलाने सवयीने घंटा वाजवली. लोकांनी वेंडलला खांद्यावर घेतलं, तो दोनदा पडला, तरी घेतलं. रूडी पलीकडे नाचत होता. हरलेला संघ नाचतोय आणि जिंकलेल्याचा मालक डोकं धरून बसलाय, असं गावाने प्रथमच पाहिलं. लोरेनने येऊन नवऱ्याच्या हातात चिलीची वाटी दिली. "हरायलासुद्धा जमत नाही तुला," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर त्याच्या गालाचा मुका घेतला.

मास्तर बेकरीने नेला. व्हर्नन हिवाळाभर कुढला. पण वसंतात सराव सुरू झाला आणि गंमत कळली. मॅक्रे फेकायचा खरा! असा फेकायचा, की बॉल तोफेच्या गोळ्यासारखा यायचा. पण तो झेलणार कोण? पीठ मळणारे हात! रूडीच्या एका गड्याचं बोट मुडपलं, दुसऱ्याचा चष्मा फुटला, तिसरा बॉल येताना दिसला की आडवाच व्हायचा. महिनाभर गावाने एका हाताने वळलेले, बटाट्याच्या आकाराचे डोनट खाल्ले. त्या वर्षी बेकरी जेमतेम एक सामना जिंकली. तोही व्हर्ननच्या संघाविरुद्ध.

कारण व्हर्ननच्या संघात आता वेंडल होता. प्रत्येक सामन्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गावच्या हिरोला बाकावर बसवायची हिंमत कुणाची? तो धावायचा, बॉल सांडायचा, लोक टाळ्या वाजवायचे. संघ अगदी प्रामाणिकपणे, घाम गाळून, कुठलीही योजना न करता साफ तळाला गेला.

चर्चच्या हॉलमध्ये नवीन खेळाडूंच्या वाटणीची सभा भरली. पहिला हात व्हर्ननच्या संघाचा! यंदा तर रांगेत हरणासारखी पळणारी एक उंच पोस्टवाली मुलगी उभी होती. व्हर्ननने घसा साफ केला, कोट सारखा केला, आणि तो उठायच्या आतच शेजारचा वेंडल उभा राहिला.

"आमची निवड ठरलीय!" वेंडल अभिमानाने म्हणाला. "माझा मेहुणा फ्लॉइड!"

हॉलभर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोपऱ्यातून कुबड्या टेकत एक जाडजूड गृहस्थ पुढे आला. वेंडल वाकून व्हर्ननच्या कानात म्हणाला, "काळजी करू नकोस. खेळायला अगदी माझ्यासारखाच आहे!"

"त्यात मला जराही शंका नाही," व्हर्नन म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागला.