वाटणीत आलेलं वर्तमानपत्र

माझे नानामामा घरात कधी सरळ बोलत नसत, बातमी देत. "संपादकांना चहा हवा असल्याचे समजते," असं ते अक्षरजुळणीच्या खिळ्यांच्या पेटीवरून मान न उचलता म्हणत. आतून मामी ओरडे, "मंग उठा ना, नि ल्या!"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नोकरीसाठी जळगावहून धुळ्याला आलो आणि त्यांच्याकडे मुक्काम टाकला. 'पेठदूत' हे त्यांचं साप्ताहिक. चार पानी, आजोबांनी सुरू केलेलं, आमच्या आणि आसपासच्या गल्ल्यांपुरतं. नळाला पाणी कधी, कोणाची म्हैस हरवली, कोणाची मुलगी पहिली आली. यापलीकडचं जग नानामामांना मान्य नव्हतं. "दिल्लीचं बघायला दिल्लीवाले आहेत," ते म्हणत.

आजोबा गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. पंचांनी ती इतकी काटेकोर केली, की थोरल्या आबामामांना छपाईचं मशीन मिळालं आणि धाकट्या नानामामांना खिळे नि पेपरचं नाव. म्हणजे जुळवणार एक आणि छापणार दुसरा! वाटणीच्या दिवशीच काहीतरी बोलाचाली झाली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. पेपर मात्र सुरू राहिला. दर मंगळवारी नानामामा जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत आवळत, गड्याच्या मदतीने फळीवर घालून शेजारच्या गल्लीत आबामामांकडे नेत, मशीनपाशी मुकाट्याने उभे राहत आणि छापलेले अंक घेऊन परत येत.

भांडण चाले ते छापून. 'काही मुद्रकांच्या हलगर्जीपणामुळे मागील अंकावर बोटांचे ठसे उमटले. संबंधितांनी नोंद घ्यावी.' ही बातमी छापायची कोणी, तर आबामामांनीच. त्यांच्याकडे उत्तर द्यायला खिळे नव्हते, पण अक्कल होती. छापायच्या कागदाखाली एखाद्या मजकुरापुरती पातळ चिठ्ठी डकवली, की तेवढाच मजकूर ठसठशीत उठतो. पुढच्या अंकात नानामामांनी स्वतःच्याच चुकीबद्दल दिलेली 'चूक दुरुस्ती' अशी उठली, की रस्त्यापलीकडून वाचता यावी. निम्मी गल्ली पेपर घेत होती ती या मारामारीसाठीच, असा माझा संशय आहे.

मग हळूहळू अंक बिघडायला लागला. एक ओळ काळीकुट्ट, तर तिच्याखालची गायब. पान तिरकं. एकदा तर चौथं पान पहिल्याच्या जागी आलं. कोपऱ्यावरचे टेलर दारात येऊन म्हणाले, "नाना, बातमी वाचता येस नही, मंग म्हैस कशी सापडी?" आणि त्यांनी पेपर बंद केला. त्यांच्यामागून आणखी घरं गेली. असंच चाललं तर आजोबांचा पेपर बुडणार, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. नवल म्हणजे, बोटांच्या ठशांवरून अग्रलेख लिहिणाऱ्या नानामामांनी याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाही.

कोणी मागितला नसताना सल्ला देणं ही माझी जुनी खोड. जळगावात ओळखीचा ऑफसेट छापखाना होता. मी न विचारताच तिथून 'पेठदूत'चा देखणा नमुना छापून आणला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. नानामामांनी त्यावर बोट फिरवलं.

"सुरेख."

"मग पुढच्या मंगळवारपासून?"

"शाईचा वास बरा नाही."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, कागद फार पांढरा आहे. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "मामा, त्या मशीनपायी पेपर बुडेल!"

खिळे जुळवणारा हात थांबला. "मंगळवारी सुट्टी काढ," एवढंच म्हणाले.

मंगळवारी फळीचं दुसरं टोक मी धरलं. थोरल्या मामी गेल्यापासून आबामामा एकटेच राहत. मी अगदी समोर उभा होतो, तरी त्यांनी विचारलं, "कोन शे रे?"

"मी भाचा, आबामामा."

ते हाताने मशीनची कड चाचपत कागद लावत होते. त्यांच्या नकळत नानामामा प्रत्येक कागदाचा कोपरा जमेल तेवढा सरळ करत होते, आणि आबामामांचा हात मशीनच्या फार आत गेला, की कोपराला हलकासा धक्का देत होते. मी काही विचारणार, तोच नानामामांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी छापलेले कागद रचायला लागलो.

छपाई आटोपली. आबामामा खाटेवर टेकले. नानामामांनी ओला अंक उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तोंड माझ्याकडे, पण आवाज असा, की मी पांझरा नदीच्या पुलावर असतो तरी ऐकू आलं असतं. पाण्याच्या वेळा, लग्नं, बारशी. जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत. आबामामा डोळे मिटून ऐकत होते, मध्येच हसत होते. तिसऱ्या पानावर दोघा भावांना शिकवलेल्या एका मास्तरांची आठवण होती. ती संपली तसे आबामामा माझ्या दिशेने वळले.

"भाचा, त्याले सांग, ते मास्तरवालं परत वाच."

मी निरोप द्यायला तोंड उघडलं. पण नानामामांनी वाचायला सुरुवातही केली होती, आणि या वेळी जरा सावकाश.