वू-शिंग चिकन

विश्वजितच्या चायनीजच्या गाड्यावर नूडल्स खाता खाता मोनाला एकदम ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ती पाटीवरच्या चिनी अक्षरांकडं बोट दाखवत हसतच सुटली. विश्वजितच्या शेजारची मोना पुण्यात चिनी भाषा शिकत होती आणि सुट्टीला कोल्हापुरात घरी आली होती.

"दादा, ही अक्षरं कुणी काढली?"

"जोतीराम पेंटरनं. नेटवरची बघून. झ्याक दिसत्यात की!"

"दिसत्यात, पण अर्थ ठाऊक हाय का? 'वू-शिंग'. जे डोळ्यांना दिसत न्हाय, हाताला लागत न्हाय, ते!"

शेजारचं गिऱ्हाईक ताटलीत चमचा फिरवत ओरडलं, "तरीच! मघापासनं चिकन हुडकतोय मी!"

झालं! सगळा कोपरा हसला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या राजारामपुरीत गाड्याचं नाव 'गायब चिकन' पडलं. लोक यायचे, पाटीसमोर फोटो काढायचे आणि काही न खाता निघून जायचे.

कारखान्यातली नोकरी सोडून गाडा टाकला म्हणून विश्वजितचे वडील गणपतराव त्याच्याशी बोलत नव्हते. "असली गांडुळं मी मेलो तरी खाणार न्हाय," हे त्यांचं शेवटचं बोलणं. हा तमाशा त्यांच्या कानावर जाऊ नये, एवढीच विश्वजितची इच्छा होती.

गेलाच. दोन दिवसांनी अन्नतपासणीचे साहेब गाड्यावर आले, आणि त्यांच्या मागोमाग गडमुडशिंगी गावाहून गणपतराव.

"चिकन घालत नाही, अशी तक्रार आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या पाटीवरच तसं लिहिलंय म्हणे."

विश्वजितनं मोनाला फोन लावून स्पीकर सुरू केला आणि पाटीचा अर्थ साहेबांना सांगायला लावला.

"साहेब, नसलेलं न्हवं, न दिसणारं!" मोना म्हणाली. "वारा, माया, चव... हे सगळं वू-शिंगच की."

"ऐकलासा?" गणपतराव एकदम पुढं झाले. "चव काय डोळ्यांनी दिसती व्हय? खाऊन बघा की पावणं!"

साहेब दोन पावलं मागं सरकले. "अहो, मी जैन. कांदासुद्धा खात नाही. नमुना तपासायला नेतो. तोवर तुम्हीच खाऊन सांगा."

सगळ्यांच्या नजरा गणपतरावांवर. माघार घ्यायला जागाच उरली नाही. पहिला घास त्यांनी डोळे मिटून काढ्यासारखा गिळला. दुसरा जरा चावून खाल्ला. तिसऱ्यानंतर त्यांचं डोकं ताटलीतून वर आलंच नाही. विश्वजितच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता साहेबांनी काय करायचं ते करावं!

रिकामी ताटली बघून साहेबांनी विचारलं, "मग? चिकन होतं का?"

गणपतराव गडबडले. मिशा पुसत म्हणाले, "तिकडं ध्यानच ऱ्हायलं न्हाय बघा."

आणि त्यांनी ताटली पोराच्या पुढं धरली. "इश्वा, आनी एक वाढ. ह्या खेपेला नीट बघतो."