शाल्मली नावाची मालकी

विद्याधर कर्णिकांना मुलगी झाली, तेव्हा नाव शोधायचं काम त्यांनी घरात कुणालाच करू दिलं नाही. नाव ठरलं होतं, शाल्मली. अट एकच, अख्ख्या घाटकोपरात दुसरी सापडता कामा नये. साल त्र्याऐंशी. जिन्यात "संगीता" अशी हाक मारली की चार खिडक्या उघडत.

पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या, म्हणजे मानखुर्दची वनमालाताई, काविळीने अंथरुणावर. बारसं लांबलं. तोवर गप्प बसतील तर ते विद्याधर कसले!

"शाल्मली म्हणजे काय हो?" दूधकेंद्राच्या रांगेत कुणी विचारायचाच अवकाश.

"काटेसावर! संस्कृत नाव. पुराणात या नावाचं द्वीप आहे."

"काटे? पोरीच्या नावात?"

"काटे कोवळ्या वयात, कुणी ओरबाडू नये म्हणून. मग अंगावर पान नसतानाही लालभडक फुलते. आणि शेवटी लोकांच्या उशीला कापूस देते. आरे कॉलनीत जाऊन बघा."

रांग दूध विसरून ऐकायची. फुकटात काय वाटतोय, याचा हिशेब विद्याधरांनी ठेवलाच नाही.

एके दिवशी तळमजल्यावरच्या लवू सावंतांकडून बारशाच्या घुगऱ्या आल्या. नातीचं नाव शाल्मली.

"ही चोरी आहे, जयंती!"

"मग पोलिसांत जा," बायको म्हणाली. "मी घुगऱ्या खाते तोवर."

विद्याधर तरातरा खाली गेले. संपात गिरणीची नोकरी गेलेल्या लवूने दारातच त्यांचे हात धरले.

"बरा झाला इलात, सायबा. तिसरा पण चेडूच झाला, मुलगो नाय, घरात कोण नावाचा बोलीना. मी लायनीत तुमचा ऐकलंय, तसाच घरात सांगितलंय. सून पयल्यांदा हसली ओ!"

सून शेवंती बाळाला घेऊन पाया पडली. "माझ्या भांडुपच्या बहिणीनेपण हेच ठेवलं, भावजी. झाड मीच समजावलं तिला."

भांडायला गेलेले विद्याधर लाडू खाऊन परतले.

अखेर ताई बरी झाली. बारशाला ती पाळण्याजवळ बसताच विद्याधर कुजबुजले, "ताई, तुला सुगंधा आवडतं ना? तेच ठेव. शाल्मल्या फार झाल्या."

ताई वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मान वर करून म्हणाली, "शाल्मली!"

"अगं ताई!"

"काय अगं ताई? मी आजारी असताना रोज येऊन ते झाड माझ्या डोक्यात कुणी लावलं? आणि मघाशी ती शेवंती म्हणाली, तुमच्या भावाने माझ्या पोरीला घरात मान मिळवून दिला. असलं नाव टाकून सुगंधा ठेवू? वेडी का मी?"

विद्याधरांनी वळून पाहिलं. दारात लवू नातीला खांद्यावर घेऊन आल्यागेल्याला काटेसावर समजावत होता.

एव्हाना बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली होती. त्यांत एक भलताच जड पडला.

"आई गं! हा कुणाचा?"

"माझा," विद्याधर डोळे पुसत म्हणाले. "निम्मा रागाचा, निम्मा आभाराचा."

"मेल्या," ताई पाठ चोळत म्हणाली, "आभाराचा जरा हळू मारतात!"